पाहुण्याच्या पाच तबकड्या

तबकड्या त्याच पाच. एक कमी नाही, एक जास्त नाही. पण सोमवारी दुभाष्यानं त्यांचा एक अर्थ सांगितला, मंगळवारी बरोब्बर उलटा, आणि बुधवारी पुन्हा सोमवारचाच! आता तुम्हीच सांगा, माणसानं वागायचं तरी कसं?

बालाघाटच्या डोंगरात हिवरतळं नावाचं गाव आहे. गाव लहान, तळं मोठं. त्या तळ्यात रविवारी संध्याकाळी आकाशातून एक यान पडलं. धबाल्कन! गावकऱ्यांना आधी वाटलं, हवामान खात्याचा फुगा असेल. पण फुग्यातून कुणी रांगत काठावर येत नसतं. हे आलं होतं. उंच, बारीक, राखाडी रंगाचं. ना डोळे, ना तोंड. नुसतं गुणगुणायचं, दूरवर पिठाची गिरणी चालल्यासारखं. गावानं त्याला लगेच नाव देऊन टाकलं, पाहुणा.

पाहुण्याबरोबर आणखीही काहीतरी आलं होतं. फुटबॉलएवढा काचेसारखा एक गोळा. यान बुडालं तसा तो सुटून तळ्याच्या मधोमध तरंगायला लागला. त्याच्या आत केशरी उजेड होता आणि त्या उजेडात काहीतरी इवलंसं वळवळत होतं. ते पाहुण्याचं पिल्लू आहे, हे कळायला कुठल्या शास्त्रज्ञाची गरज पडली नाही. पाहुणा सारखा त्याच्याकडेच कललेला असायचा. आईबाप कुठल्याही ग्रहावरचे असोत, असे कललेले पाहिले की ओळखू येतात.

ही सगळी बातमी चैतालीला घरबसल्या मिळाली, कारण तिची स्नेहलआत्या भाषाशास्त्रज्ञ (निरनिराळ्या भाषा कशा चालतात याचा अभ्यास करणारी) होती. सोमवारी पहाटेच ती शहरातून शास्त्रज्ञांच्या तुकडीबरोबर आली आणि हक्कानं माहेरी उतरली. चैताली सहावीत होती. आत्याची पाठ ती सोडत नव्हती आणि प्रश्न विचारून विचारून तिनं आत्याला भंडावून सोडलं होतं.

सोमवारी सकाळी पाहुण्यानं काठावर पाच तबकड्या मांडल्या. बशीएवढ्या, पातळ, आणि प्रत्येकीच्या मधोमध एक चित्र. मग एकेक तबकडी दाखवून त्यानं गोळ्याकडे, पाण्याकडे, वर सूर्याकडे हात केला. उरलेल्या दोन तबकड्या कामाच्या होत्या. त्याही त्यानं हातवारे करून समजावल्या. शास्त्रज्ञांच्या दुभाष्या नावाच्या यंत्रानं (एका भाषेतलं दुसरीत सांगणारं यंत्र) अर्थ लावले: पिल्लू, पाणी, ऊन, काढा, ठेवा.

त्या दिवशी तबकड्या अशा मांडलेल्या होत्या: पिल्लू, ऊन, काढा, पाणी, ठेवा.

दुभाष्या म्हणाला, “पिल्लाला उन्हातून काढा. पाण्यात ठेवा.”

झालं! लगेच सगळे कामाला लागले. पोहणाऱ्या पोरांनी गोळा काढला. तळ्याजवळ गुरांसाठीचा एक हौद होता, त्यावर पत्र्याचं छप्पर होतं. हौद घासून त्यात गार पाणी भरलं आणि गोळा त्यात ठेवला. सावली झाली, पाणी झालं. आणखी काय हवं?

पण मंगळवारी गोळ्यातला उजेड फिकट झाला. बुधवारी तर तो निखाऱ्यावर राख चढावी तसा दिसायला लागला. पाहुणा स्वतः उठून पिल्लाजवळ का जात नव्हता? कारण त्याचा ग्रह छोटा होता. तिथलं गुरुत्वाकर्षण (ग्रहानं सगळ्या वस्तूंना आपल्याकडे ओढणं) कमी. आपल्या पृथ्वीवर त्याला स्वतःचं अंगच पोत्यासारखं जड झालं होतं. तबकड्या सरकवायच्या म्हटल्या तरी त्याची दमछाक व्हायची. गोळा उचलणं तर लांबच. आपल्या पिल्लासाठी त्याला एकच गोष्ट करता येत होती, सांगणं. आणि तेच आपल्याला समजत नव्हतं.

मंगळवारी त्यानं मांडलं: पाणी, काढा, पिल्लू, ऊन, ठेवा. दुभाष्या म्हणाला, “पाण्यातून काढा. पिल्लाला उन्हात ठेवा.” सगळे चक्रावले. बुधवारी सकाळी मांडलं: काढा, ऊन, पिल्लू, ठेवा, पाणी. दुभाष्या म्हणाला, “उन्हातून काढा. पिल्लाला पाण्यात ठेवा.”

“दोन विरुद्ध एक,” तुकडीचे प्रमुख डॉक्टर कुलथे म्हणाले. माणूस भला, पण काळजीनं त्यांचा चेहरा उतरला होता. “म्हणजे पाणीच बरोबर. पाणी आणखी गार करायला हवं.”

“आणि मंगळवारचं खरं असेल तर?” आत्यानं विचारलं. “मग आपण त्या लेकराला आपल्या हातानं मारतोय.”

“आणि पाणीच हवं असेल, तर बाहेर काढून मारू! मासा पाण्याबाहेर किती वेळ जगतो, स्नेहल?”

शास्त्रज्ञांच्या तंबूच्या दारातून चैतालीनं हे सगळं ऐकलं.

त्याच दुपारी गावात भलताच गोंधळ झाला.

बाहेरून आलेली माणसं उपाशी राहतील तर ते हिवरतळं कसलं! गावानं शाळेच्या पटांगणात सगळ्यांसाठी पंगत मांडली. घराघरांतून पराती, पातेली, डाव, तांबे जमा झाले. जेवणं झाली आणि भांड्यांचा ढीग पडला. शास्त्रज्ञांबरोबर स्वयंपाकघरात काम करणारा एक यंत्रमानव आला होता. सारखा खुडबुड करायचा म्हणून पोरं त्याला खटपट्या म्हणायची. “भांडी मी घासतो आणि घरोघर पोचवतो,” तो म्हणाला. बायका खूश झाल्या. देवच पावला म्हणा ना!

खटपट्यानं भांडी अशी लखलखीत घासली की तोंड बघून घ्यावं. मग एकेक करून घरोघर वाटली. आणि अर्ध्या तासात गावात रणधुमाळी!

“ही माझी परात नव्हे!” पुष्पाकाकू अंगणात येऊन कडाडल्या. “माझी परात लग्नातली आहे. ही कुणाची पोचे पडलेली माझ्या गळ्यात मारली?”

“आणि आमचं पातेलं कुठाय?” चैतालीची आई कमरेला पदर खोचून बाहेर आली. “चांगलं जाड बुडाचं दिलं होतं, हे काय पापडासारखं परत आलंय!”

खटपट्या अंगणाच्या मधोमध उभा राहिला. “मी अजिबात चुकलेलो नाही,” तो म्हणाला. “सकाळी ज्या क्रमानं भांडी आली, त्याच क्रमानं परत दिली. पहिलं भांडं पहिल्या घराला, दुसरं दुसऱ्या घराला.”

“अरे पण मध्ये ती सगळी ढिगात पडली ना!” चैताली कपाळाला हात लावत म्हणाली. “क्रम कशाला बघायचा? नाव बघायचं! हे बघ, परातीच्या कडेवर. ‘सौ. पुष्पा बबन काकडे’. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असतं. मग ते पहिलं घासलं काय नि शेवटचं घासलं काय, जायचं ते त्याच्याच घरी!”

खटपट्या वाकला. त्यानं परात डोळ्याजवळ नेली.

“हे नाव आहे?” तो म्हणाला. “मला वाटलं नक्षी आहे. नक्षीकडे लक्ष द्यायचं नाही, असं मला शिकवलंय.”

बायका हसून हसून बेजार झाल्या. पण चैताली हसली नाही. ती उभ्या जागी थबकली. ‘नक्षी’ हा शब्द तिनं कालच कुठंतरी वाचला होता. कुठं बरं? हां! दुभाष्याच्या पडद्यावर. तबकड्यांच्या चित्रांखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘कडेची नक्षी काढून टाकली आहे.’

आणि मग ती अशी पळत सुटली की एक चप्पल अंगणातच राहिली.

“आत्या!” तिनं तंबूत शिरता शिरताच आरोळी ठोकली. “तबकडीच्या कडेला काय आहे? दुभाष्यानं काय पुसलंय?”

“श्वास घे आधी,” आत्या म्हणाली. “काय झालं?”

चैतालीनं परात, पातेलं, पुष्पाकाकू, खटपट्या सगळं एका दमात सांगून टाकलं. आत्या ऐकता ऐकता खुर्चीवरून उठली. पाहुण्याच्या जवळ जायची परवानगी फक्त पांढरे पोशाख घातलेल्या दोघांनाच होती. बाकी सगळ्यांनी आजवर तबकड्या पाहिल्या त्या दुभाष्याच्या पडद्यावरच, धुऊनपुसून स्वच्छ केलेल्या.

“दुभाष्या,” आत्या म्हणाली, “मूळ फोटो दाखव. काहीही न पुसता.”

फोटो आले. आणि खरंच! प्रत्येक तबकडीच्या कडेवर एक बारीकशी खूण होती. पाण्याच्या तबकडीला खाच. उन्हाच्या तबकडीला एक छोटी कडी. पिल्लाच्या तबकडीला ठिपका. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तबकड्यांच्या जागा बदलल्या होत्या, पण खुणा बदलल्या नव्हत्या. पाण्याला खाच ती खाचच, उन्हाला कडी ती कडीच.

“अगं बाई!” आत्या पुटपुटली. “नावं घातलेली भांडी आहेत ही.”

“म्हणजे काय?” डॉक्टर कुलथे जवळ आले.

“चैतू, मला सांग,” आत्या म्हणाली, “‘कुत्रा मांजराला चावला.’ कोण चावलं?”

“कुत्रा.”

“‘मांजराला कुत्रा चावला.’ आता?”

“कुत्राच की.”

“‘चावला मांजराला कुत्रा’?”

“आत्या, कितीही उलटसुलट केलंस तरी कुत्राच चावणार! मांजराला ‘ला’ लावलंय ना. ज्याला ‘ला’ लागलं, त्यानंच चावा खाल्ला.”

“शाब्बास. हा ‘ला’ म्हणजे प्रत्यय (शब्दाच्या मागे जोडलेली, त्याचं वाक्यातलं काम सांगणारी शेपटी). परातीवरच्या नावासारखा तो शब्दाला चिकटलेला असतो. म्हणून मराठीत शब्दांना बरंच इकडेतिकडे फिरता येतं. आता इंग्रजीत बघ. ‘द डॉग बिट द कॅट.’ डॉग आणि कॅट यांच्या जागांची अदलाबदल कर.”

“‘द कॅट बिट द डॉग.’ अय्या! आता मांजर चावलं!”

“बरोबर. तिथं नावांना शेपट्या नाहीत. शब्द कुठं बसलाय त्यावर त्याचं काम ठरतं. बसमध्ये कसं, पुढच्या खुर्चीत बसून चाक धरलं तो ड्रायव्हर. चिनी भाषेतही पुष्कळसं असंच. काही भाषा खुर्चीवर जास्त भरवसा ठेवतात, काही खुणेवर. बऱ्याचशा थोडा थोडा दोन्हींवर. आपली मराठीही तशी काही अगदी मोकाट नाही हं. पण तिच्याकडे खुणा आहेत, म्हणून तिला मोकळीक आहे. संस्कृतला तर आणखी जास्त.”

“आणि दुभाष्या?”

“दुभाष्याला आपण खुर्च्या बघायला शिकवलं,” आत्या कडवट हसली. “अनोळखी भाषा दिसली की काढा-ठेवा या शब्दांशेजारी कोण बसलंय, एवढंच तो बघतो. खुणा दिसल्या तर नक्षी म्हणून पुसतो. खटपट्याचाच सख्खा भाऊ!”

“मग आता कळलं ना?” चैताली उड्या मारायला लागली. “चला, पिल्लाला काढू या!”

“कुठून काढू या?” डॉक्टर कुलथ्यांनी हळूच विचारलं. “पिल्लाचा ठिपका म्हणजे ‘ला’ असणार. पण खाच म्हणजे ‘तून’ आणि कडी म्हणजे ‘त’, की उलटं? खाच म्हणजे ‘तून’ असेल तर पाण्यातून काढायचं आणि उन्हात ठेवायचं. खाच म्हणजे ‘त’ असेल तर आपण केलंय तेच बरोबर.”

चैतालीच्या उड्या थांबल्या. घोडं पुन्हा तिथंच येऊन अडलं होतं. आणि बाहेर सूर्य कलायला लागला होता. ऊनच हवं असेल, तर तेही आता फार वेळ मिळणार नव्हतं.

तेवढ्यात पांढऱ्या पोशाखातला एक जण वाडगा घेऊन आत आला. सोमवारी पाहुण्यानं तो वाडगा पुढे सरकवला होता, निळसर खडे भरून. भेट असावी. खडे तपासणीसाठी काढून घेतले होते. “तपासणी झाली, मॅडम,” तो म्हणाला. “निरुपद्रवी क्षार (मिठासारखा पदार्थ) आहे. वाडगा परत देऊन टाकू का?”

चैतालीची आई नेमकी तिची चप्पल घेऊन तंबूच्या दाराशी आली होती. पोरगी अनवाणी पळाली म्हणून ओरडायला आलेली ती बाई, पण तिची नजर त्या वाडग्यावर पडली आणि ती ओरडायचंच विसरली.

“रिकामा?” ती म्हणाली. “शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देता? असं कुठं असतं का हो?”

“वहिनी, अगं ते परग्रहावरचं—”

“असू दे. त्यानं भरून दिलं ना? मग आपण रिकामं कसं द्यायचं? चिमूटभर साखर तरी घालावी. लोक काय म्हणतील?”

आता वरच्या ग्रहावर लोक काय म्हणणार आणि कुणाला म्हणणार, देव जाणे. पण आईपुढे आत्याचंही काही चालत नसे. आणि आत्याच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. “थांब. घालू या. नक्की घालू या! कुलथे सर, वाडग्यात काही असलं, तर तो ते बाहेर काढेल. कुठंतरी ठेवेल. आणि काढताना-ठेवताना तबकड्या मांडेल! त्यालाही आपल्याला शिकवायचंच आहे ना!”

आईनं पंगतीतला उरलेला गुळाचा खडा आणला. डॉक्टरांनी तो तपासून घेतला. पाहुणा गूळ खाईल याची कुणाला खात्री नव्हती, पण हात लावून त्याला अपाय होणार नाही एवढं कळलं. डॉक्टरांनी मान हलवली. “दे, चैताली. खुणांची कल्पना तुझीच आहे. पोशाख घाल आणि चल.”

पांढरा पोशाख चैतालीला ढगळ झाला. तळ्याच्या काठावर पाहुणा आडवा पडला होता. त्याचं गुणगुणणं आज अगदी क्षीण येत होतं. चैतालीला फार भीती वाटत होती. पण वाईट त्याहून जास्त वाटत होतं. तिनं वाडगा त्याच्यापुढे ठेवला. “आईनं दिलंय,” ती म्हणाली. त्याला मराठी कळत नाही हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

गुणगुणणं थांबलं. मग त्याचं एक लांब बोट वाडग्याकडे सरकलं. गुळाचा खडा त्यानं चिमटीत धरला, ओढत ओढत वाडग्याबाहेर काढला आणि आपल्या कुशीतल्या जाळीदार पिशवीत टाकला. एवढ्यानंही त्याचं सगळं अंग थरथरलं. मग त्यानं तबकड्या काढल्या. दोन नव्या होत्या. एकीवर वाडग्याचं चित्र. एकीवर पिशवीचं. शेजारी ‘काढा’ आणि ‘ठेवा’.

चैताली गुडघ्यांवर बसली आणि तबकड्यांच्या कडेवर वाकली. वाडग्याच्या कडेला खाच होती. पिशवीच्या कडेला कडी.

“वाडग्या‘तून’ काढला. पिशवी‘त’ ठेवला!” ती किंचाळली. “आत्या, खाच म्हणजे ‘तून’! कडी म्हणजे ‘त’! पाण्याला खाच आहे! पाण्यातून काढा! उन्हात ठेवा! ते तीन दिवस एकच सांगतंय गं!”

मग मात्र कुणी कुणाची वाट पाहिली नाही. डॉक्टर कुलथे पोशाखासकट हौदात उतरले. गोळा उचलला तेव्हा त्यात उजेड होता की नव्हता, हेच सांगता येईना. त्यांनी तो छातीशी धरला आणि धावत धावत टेकाडावर नेला, जिथं शेवटचं पिवळं ऊन पडलं होतं. पुष्पाकाकूंनी अंगावरची शाल गवतावर अंथरली. गोळा तिच्यावर ठेवला.

सगळं गाव गोळा झालं. गोळा काळाठिक्कर. चैतालीनं आईचा हात इतका घट्ट धरला की बांगडी तिच्या तळहातात रुतली. उशीर झाला असला तर? तीन दिवस ते सांगत होतं आणि आपण पाणी गार करत बसलो!

“मला वाटतं...” कुणीतरी म्हणालं.

“गप्प!” काकू म्हणाल्या.

गोळ्याच्या मधोमध एक ठिणगी दिसली. मोहरीएवढी. मग हरभऱ्याएवढी झाली. मग केशरी रंग हळूहळू काचेला येऊन भिडला, आणि त्यात ते इवलंसं काहीतरी एकदा वळलं, पुन्हा वळलं, आणि असं काही वळवळायला लागलं की जणू तीन दिवसांचं राहिलेलं खेळणं त्याला एकदम आठवलं.

हुश्श! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुष्पाकाकू तर चक्क रडायला लागल्या. डॉक्टर कुलथे ओल्या कपड्यांनी गवतावर मटकन बसले आणि “वाचलं बाई, वाचलं” असं कुणाला उद्देशून कोण जाणे म्हणत राहिले. खाली तळ्याकाठी पाहुण्याचं गुणगुणणं असं काही वाढलं की झाडावरचे बगळे उडाले.

चैतालीला हसूही येत होतं आणि रडूही. “पण आत्या,” ती नाक पुसत म्हणाली, “अर्थ एकच होता, तर ते रोज क्रम कशाला बदलत होतं? उगीच आपला घोळ!”

“उगीच नाही. आठव बघू. सोमवारी पहिली तबकडी कुठली?”

“पिल्लू.”

“कारण पिल्लाची आणि आपली ओळख करून द्यायची होती. मंगळवारी?”

“पाणी. अगं हो! आपण त्याला पाण्यात ठेवलं होतं!”

“पाण्यातून, पाण्यातून काढा, असं. आणि आज सकाळी?”

चैतालीला आठवलं. आज सकाळी पहिली तबकडी होती ‘काढा’.

“आपणही असंच करतो,” आत्या म्हणाली. “एरवी आई म्हणेल, ‘चैतू, चपला दारात काढ.’ पण तू चिखलाचे पाय घेऊन आत आलीस तर?”

“‘काढ आधी त्या चपला!’”

“तेच. काम काय ते खुणा सांगतात. मग क्रम मोकळा राहतो, आणि मोकळ्या क्रमात माणूस आपली घाई, आपला जीव ओततो. दुभाष्यानं क्रमातून काम शोधलं. क्रमात होती ती काळजी.”

रात्री गोळ्याजवळ दिव्यांची ऊब ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चौघांनी मिळून पाहुण्याला अलगद उचललं आणि टेकाडावर उन्हात, पिल्लाच्या शेजारी नेऊन ठेवलं. आता दुभाष्याला खुणा बघायला शिकवलं होतं आणि तबकड्या सगळ्या गावाला बघायला मिळत होत्या. पाहुण्यानं दोन ओळी मांडल्या. बऱ्याच तबकड्या नव्या होत्या. एकीवर यान, एकीवर उजळलेला गोळा. पडद्यावर अक्षरं उमटली:

आम्ही पिल्लू आणलं.

आम्ही पिल्लू वाचवलं.

“आँ?” पुष्पाकाकू म्हणाल्या. “‘आम्ही’ वाचवलं? वा रे पाहुणे! हौदात उतरले कुलथे साहेब, शाल गेली माझी, आणि वाचवलं म्हणे यांनी!”

लोक हसले. पण डॉक्टर कुलथ्यांना जरा लागलं असावं. चैताली मात्र तबकड्यांजवळ जाऊन बसली. खुणा तर बरोबर होत्या. मग चूक कुठं होती? तिनं दोन्ही ओळींतल्या ‘आम्ही’च्या तबकड्या शेजारी शेजारी धरल्या.

“आत्या, या दोन्ही सारख्या नाहीत! या पहिलीवर बघ, वर्तुळात नुसत्या उंच बारीक रेघा आहेत. पाहुण्यासारख्या. आणि या दुसरीवर उंच रेघा आहेतच, पण त्यांच्यात बुटक्या, जाड रेघापण आहेत. सगळ्या एकाच वर्तुळात.”

“दुभाष्या, हे दोन वेगळे शब्द आहेत का?” आत्यानं विचारलं.

“अर्थ एकच,” दुभाष्या म्हणाला. “बोलणारे अनेक जण. जगातल्या पुष्कळ भाषांत यासाठी एकच शब्द आहे.”

“हे मात्र खरं आहे,” आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “शब्दसंग्रह (एखाद्या भाषेजवळ असलेले सगळे शब्द) प्रत्येक भाषेचा वेगळा. आपल्याला काका वेगळा आणि मामा वेगळा, इंग्रजीत दोघंही अंकल. आपण ‘उष्टं’ म्हणतो, त्याला कितीतरी भाषांत शब्दच नाही. आणि त्यांच्याजवळ असे शब्द असतात जे आपल्याकडे नाहीत. इंग्रजीत इथं एकच ‘वी’. हिंदीत एकच ‘हम’. पण मराठीत...”

ती थांबली. तिनं चैतालीकडे पाहिलं.

चैतालीनं त्या बुटक्या जाड रेघांवरून बोट फिरवलं. मग ती उठली आणि डॉक्टर कुलथ्यांकडे, काकूंकडे, आईकडे वळली.

“काकू, ते ‘आम्ही’ नाही म्हणत,” ती म्हणाली. “आणलं ते त्यांनी, म्हणून तिथं ‘आम्ही’. पण दुसऱ्या ओळीत ते म्हणतंय, ‘आपण’. आपण पिल्लू वाचवलं.”

पुष्पाकाकूंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टर कुलथ्यांनी चष्मा काढला आणि तो कोरडा असूनही बराच वेळ पुसत राहिले.

आत्यानं दुभाष्याला तो शब्द शिकवला. आकाशात अजून अशी कितीतरी यानं असतील, त्यांच्या नाना भाषा असतील, त्या सगळ्यांसाठी तो उपयोगी पडणार होता. मग तिनं पाहुण्याच्या पिशवीतून एक कोरी तबकडी मागून घेतली, चैतालीच्या हातात पेन दिलं आणि म्हणाली, “आता उत्तर तू लिही.”

चैतालीनं वर्तुळ काढलं. त्यात आधी उंच रेघा काढल्या, मग बुटक्या, आणि मधोमध, सगळ्यांना चिकटून, एक इवलीशी.